अकरा महिन्यांचा अदमास

वैजयंता लोंढे आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली, त्याच्या तीन आठवडे आधीच मी तिला तिथे राहताना पाहिलं होतं.

माझ्या जेवणाच्या टेबलावर काचेची एक पाटी होती, साधारण पोळपाटाएवढी. बटण दाबलं की तिच्यावर आमचं घर उभं राहायचं. उजेडाचं, वीतभर उंचीचं, जिन्यासकट आणि गच्चीवरच्या टाकीसकट. वरच्या मजल्याच्या खिडक्यांत दिवे लागायचे, विझायचे, पुन्हा लागायचे. एक महिना एका मिनिटात सरायचा. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, म्हणून खेळही अकरा मिनिटांचा. माणसं त्यात दिसत नसत, त्यांचा वावर तेवढा दिसे. वैजयंताच्या अकरा मिनिटांत पहाटे पाचला स्वयंपाकघर पिवळं व्हायचं आणि संध्याकाळी गच्चीतल्या नळापासून एक निळा ठिपका कठड्याच्या कडेने हळूहळू फिरायचा. ही बाई झाडांना पाणी घालणार, हे तिचा चेहरा मला नीट आठवतही नव्हता तेव्हा कळलं होतं.

मी भूपाल मगदूम. सांगलीत राहतो, विश्रामबागेत. वय एकाहत्तर. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. मार्केट यार्डातले हळदीचे अडते मला पाहून चहा मागवायचे आणि मी तो प्यायचो नाही. पारड्याखाली चिंच चिकटवणारे, वजनाच्या बुडातलं शिसं काढून मेण भरणारे, काट्याखाली लोहचुंबक लपवणारे, सगळे मी पाहिलेत. माणसावर विश्वास ठेवायचा नाही, शिक्का मारलेल्या काट्यावर ठेवायचा, हे माझ्या अंगात मुरलं आहे. कुसुम, माझी बायको, म्हणायची, "देवळात गेलात तरी तुम्ही आधी दानपेटीचं सील बघता." तिला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून वरचा मजला रिकामा होता.

घरात माणसाची चाहूल असावी म्हणून माझ्या मुलीने, सन्मतीने, तो भाड्याने द्यायचा आग्रह धरला आणि माणूस पारखून घ्यावा म्हणून बंगळुरूहून ती काचेची पाटी पाठवली. तिचं नाव अदमास.

अदमासामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. पूर्वी घरमालक भाडेकरूची पत पाहायचे, म्हणजे कर्जाचे हप्ते आणि कार्डाची बिलं वेळेवर गेलीत का ते पाहायचे. त्याचे तीन आकडी गुण यायचे; गुण कमी की दार बंद. पण हप्ता चुकतो तोवर फार उशीर झालेला असतो. पुढे नवे वीजमीटर आले आणि त्यांना घरातलं प्रत्येक यंत्र ओळखता येऊ लागलं, कारण मिक्सर ज्या तऱ्हेने वीज ओढतो तशी फ्रीज ओढत नाही आणि फ्रीज ओढतो तशी गिझर ओढत नाही. पाण्याच्या मीटरांचंही तेच. लाखो घरांच्या अशा नोंदी आणि त्याच घरांचे हप्ते शेजारी शेजारी मांडल्यावर संशोधकांच्या लक्षात आलं की माणूस हप्ता चुकवण्याआधी दोन-तीन महिने चहाची वेळ चुकवायला लागतो. दिवे अवेळी लागतात, कपडे धुवायचे राहतात, आंघोळीचं पाणी उशिरा तापतं. आधी घराची लय बिघडते, पैशाची नंतर. तेव्हापासून पत म्हणजे हप्ते आणि लय, दोन्ही.

अदमास त्याच्याही पुढे गेलं. ते येऊ घातलेल्या माणसाची लय घेतं, तुमच्या घराची घेतं, आणि पुढचे अकरा महिने तुमच्या घरात हजार वेळा जगून बघतं. त्या हजारांत बहुतेक वेळा जे घडतं ते काचेवर दाखवतं. एक तारखेला भाडं पोचलं तर जोत्याशी हिरवी रेघ उमटते, नाही पोचलं तर लाल. खालचा मजला, म्हणजे माझा, राखाडीच राहायचा. हा खेळ भाडेकरूलाही पाठवतात, म्हणून मालकाचं खासगीपण झाकून ठेवायची रीत आहे. शिवाय मालक हा गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाला तागडीत बसवायला कुठला दुकानदार धजावतो?

वैजयंता आली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी. चाळिशीच्या आसपासची, सावळी, पायात साध्या चपला, आणि बोटं नखांपर्यंत पिवळी. मी बोटांकडे पाहिलं तशी ती हसली.

"हळदीच्या गोदामात हाय मी, साहेब. प्रतवारीला."

"ते आता यंत्र करतं ना?"

"यंत्र रंग सांगतंय. मोडल्यावर आवाज कसा येतोय, ते व्यापारी अजून माणसालाच विचारतात. चांगलं हळकुंड मोडलं की कसं ठणठणीत वाजतंय बघा."

उत्तर मला आवडलं, पण तसं मी दाखवलं नाही. ती राहत होती त्या महिला वसतिगृहात तीनच महिने राहता येतं आणि तिची मुदत तीस जूनला संपत होती. त्याआधी घर मिळालं नाही तर नोकरी सोडून जतला भावाच्या दारात. सात घरमालकांनी तिला नाही म्हटलं होतं. का, ते तिच्या पतपत्रावर पहिल्याच ओळीत होतं: बार्शीच्या आधीच्या घरात सलग पाच महिने भाडं पोचलेलं नाही.

"हे पाच महिने काय झालं होतं?"

"लांबडी गोष्ट हाय. सांगितली की लोकांना वाटतंय बाई रचून सांगायलीय. तुम्ही आधी तुमचं ते काचेचं बघा, मग विचारा."

ती वरचा मजला बघून आली. ओट्याची उंची नाही, पंख्याचा आवाज नाही; गच्चीवर ऊन कुठल्या बाजूनं येतं, एवढंच तिने विचारलं आणि गेली. मी बटण दाबलं. जुलै ते जानेवारी सात हिरव्या रेघा आल्या. आठव्या मिनिटाला, फेब्रुवारीत, लाल. मग शेवटपर्यंत लालच.

मला आश्चर्य वाटलं नाही. तिच्याआधी तीन जणांना मी याच कारणाने परत पाठवलं होतं: बँकेतला एक तरुण, आयटीआयमधले एक शिक्षक, आणि नवराबायको दोघंही दंतवैद्य असलेलं एक जोडपं. सगळ्यांचं घोडं फेब्रुवारीतच पेंड खात होतं. दुसऱ्या एखाद्याला यावरून शंका आली असती. मला आली नाही, कारण माझ्याकडे कारण तयार होतं. फेब्रुवारीच्या पगारातून वर्षभराचा राहिलेला आयकर कापून घेतात. सरकारी नोकरीत चौतीस फेब्रुवारी काढलेल्या माणसाला यापेक्षा पटेल असं कारण त्रिभुवनात सापडणार नाही. दंतवैद्यांना पगारच नसतो, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सन्मती रोज संध्याकाळी साडेपाचला फोन करते. आमच्या जैनांत सूर्य मावळायच्या आत जेवतात आणि मी जेवलो की नाही हे तिला ऐकायचं असतं.

"आण्णा, अदमास नको म्हणतंय ना? मग विषय संपला. पाच महिने थकवलेत त्या बाईने."

"सरळ वाटते गं."

"तुम्हाला? तुम्हाला आजवर कोण सरळ वाटलंय?"

"म्हणून तर सांगतोय."

"आणि असा दम का लागलाय तुम्हाला?"

"आत्ताच जिना उतरून आलो."

ते खोटं होतं. मी तासभर खुर्चीतच बसून होतो.

विषय संपला, असं मीही ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा बटण दाबलं. तिसऱ्या दिवशीही. नाही म्हणायचं ठरल्यावर बघत बसायचं काही कारण नव्हतं. जेवण झालं, भांडी विसळली, की मी आपला खिडक्यांचे पडदे ओढून टेबलाशी बसायचो आणि माझं घर माझ्यासमोर उगवायचं.

आषाढ सरायचा. श्रावणात तिच्या स्वयंपाकघरातला दिवा अर्धा तास लवकर लागायचा, बहुतेक उपास असावेत. गणपतीत तीन दिवस अंधार, म्हणजे जतला गेली. आली की दुसऱ्याच दिवशी कपडे धुण्याचं यंत्र गोल गोल गुरगुरताना दिसायचं आणि मला उगाच बरं वाटायचं. दिवाळीत कठड्यावर बारीक उजेडाची ओळ. थंडीत गिझरची तांबूस खूण सकाळी जरा जास्त वेळ रेंगाळायची. आणि रोज, न चुकता, तो निळा ठिपका. कुंडीपाशी थांबतोय, पुढे सरकतोय, पुन्हा थांबतोय. कुठल्या झाडाला जास्त पाणी लागतं हेही मला पाठ झालं होतं.

बघता बघता माझी मान कलायची. मग काचेतलं घर कुठलं आणि मी बसलोय ते कुठलं, याचा मेळ राहायचा नाही. वर पावलं वाजायची. बादलीची कडी आदळायची. कोणीतरी नळ बंद करायचं आणि पाइपातून शेवटचं पाणी गळगळत खाली यायचं. जाग आली की घर गप्प असायचं आणि काचेवर शेवटची लाल रेघ. मी पुढे पुढे सातव्या मिनिटालाच खेळ थांबवायला लागलो. एका दुपारी उठून मी दोन कप चहा टाकला आणि गाळताना लक्षात आलं. एकटेपणा हा शब्द मी तोवर इतरांबद्दल बोलताना वापरत असे.

वीस जूनला, रविवारी, ती पुन्हा आली. हातात एक पिशवी होती आणि पिशवीतून सोनचाफ्याची दोन पानं बाहेर डोकावत होती.

"साहेब, न्हाई म्हणायचं असलं तर तोंडावर म्हणा. सात जणांनी मेसेज पाठवून न्हाई म्हटलंय. मला एकदा तोंडावर ऐकायचंय."

मी तिला बसवलं. अदमास फेब्रुवारीपासून लाल दाखवतंय, हे सांगितलं. तिने मान हलवली, जणू एखाद्याने तिच्या गावाचं नाव सांगावं.

"मग आता ती बार्शीची गोष्ट सांगा," मी म्हटलं.

"शेटेबाई म्हणून घरमालकीण होत्या. एकट्याच. त्या खाली, मी वर. भाडं खात्यातनं आपोआप जायचं, त्यामुळं महिना महिना गाठ पडायची न्हाई. मी गोदामात, त्या देवळात. आता सत्तरीच्या पुढच्यांना हयातीचा दाखला दर महिन्याला द्यावा लागतोय, तुम्हाला ठावंच हाय."

मला ठाऊक होतं. महिनाअखेरीस मीही फोनवर अंगठा टेकवतो. नाही टेकवला तर खातं आपोआप गोठतं आणि आलेले पैसे आल्या वाटेने परत जातात.

"एका एक तारखेला माझं भाडं परत आलं. मी म्हटलं, बँकेचा घोळ असंल. दोन दिवस तशीच गेले कामाला. तिसऱ्या दिवशी खाली उतरून बघितलं तर दार आतनं बंद. चार दिवस झाले होते, साहेब. मी वरनं चालत होते. माझ्या पायाखाली त्या होत्या आणि मी वरनं चालत होते."

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"वारस परदेशात. त्यांना यायला पाच महिने लागले. मी दर महिन्याला भाडं पाठवायचे, ते परत यायचं. आल्यावर सगळं एकदम हातात दिलं, त्यांनी पावतीबी दिली. पण कागदावर पाच महिने लागले ते लागले. पावतीला कोण विचारतंय?" तिने पिशवीतली कुंडी वर काढली. "त्यांच्याच झाडाचं कलम हाय हे. अशी आठ हाईत. वसतिगृहात ठेवू देत न्हाईत, गोदामाच्या मागं ठेवलीत. म्हणून ऊन विचारलं होतं."

ती गेली. हो किंवा नाही, मी काहीच म्हटलं नव्हतं. पण तिचं एक वाक्य कानात राहिलं. भाडं परत आलं. तिने दिलं नाही असं नव्हे, तिकडे घ्यायला कोणी नव्हतं.

आणि मग मला माझी लाज वाटली. चौतीस वर्षं मी कुठल्याही काट्यासमोर उभा राहिलो की आधी काय करायचो? पारडी रिकामी ठेवून काटा शून्यावर येतो का ते पाहायचो. मग पेटीतलं पितळी प्रमाण वजन ठेवायचो, ज्याचा भार मला ठाऊक आहे. व्यापाऱ्याचा माल त्यानंतर. अदमासावर मी थेट माल ठेवला होता, तोही एकामागून एक चार वेळा. शिकाऊ निरीक्षकाने असं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

प्रमाण वजन माझ्या घरातच जन्मलं होतं. सन्मतीने आयुष्यात एक बिल उशिरा भरलेलं नाही. शाळेतलं वाचनालयाचं पुस्तकसुद्धा ती एक दिवस आधी परत करायची. मी तिला फोन करून तिची संमती मागितली.

"आण्णा, मला भाडेकरू ठेवताय?" ती खूप हसली. "किती डिपॉझिट?"

तिचे अकरा महिने मी चालवले. सात हिरव्या रेघा, आणि फेब्रुवारीत लाल.

काटा खोटा होता. मला आनंद झाला, हे कबूल करतो. जुनी सवय जागी झाली होती. मी भाडेकरूच्या जागी काहीच न भरता पाटी चालवली. रिकामं पारडं. बघणारा भाडेकरू नसला की झाकायचं कारण उरत नाही, म्हणून पहिल्यांदाच खालच्या मजल्यावरचा राखाडी रंग विरघळला आणि मी मला दिसलो.

जुलैत पहाटे साडेपाचला माझा चहा. बारा वाजता कुकर. सूर्यास्ताआधी स्वयंपाकघरात शेवटचा उजेड. सप्टेंबरात चहा सहावर गेला. ऑक्टोबरात न्हाणीघराचा दिवा एका रात्रीत तीनदा लागला. नोव्हेंबरात निजायची खोली अंधारीच राहिली आणि बैठकीच्या खोलीतला दिवा सकाळपर्यंत जळत राहिला. म्हणजे आडवं झालं की दम कोंडतो म्हणून मी खुर्चीत झोपणार होतो. तशा दोन रात्री मी मेमध्येच काढल्या होत्या, कोणाला सांगितलं नव्हतं. डिसेंबरात पाण्याची मोटर चार-चार दिवस चालू झाली नाही. घर पातळ होत गेलं, पाणी घालून वाढवलेल्या ताकासारखं. फेब्रुवारी आला आणि खाली एकही दिवा लागला नाही. मार्चमध्येही नाही. वीतभर घर टेबलावर उभं होतं, गच्चीवरची टाकी, जिना, सगळं जागच्या जागी, आणि आत कोणी नव्हतं.

मला भीती वाटली. लहानपणी विहिरीत वाकून पाहताना वाटायची तशी. काटा खोटा नव्हताच. त्याला विचारलं होतं भाडं पोचेल का, आणि त्याने पोचणार नाही म्हणून सांगितलं. का पोचणार नाही, हे विचारायची जागा त्याच्यात ठेवलेलीच नाही. बँकेतला पोरगा, शिक्षक, दंतवैद्य, वैजयंता, सगळ्यांच्या नावावर लागलेली लाल रेघ माझी होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. हृदय थकलंय, फुफ्फुसात पाणी साठतंय, त्यांनी सांगितलं. गोळ्या दिल्या, मीठ तोडलं. फेब्रुवारीचं विचारलं तर म्हणाले, तारखा आम्ही देत नाही. अदमासात गोळ्या भरून पाहिल्या. लाल रेघ मार्चवर सरकली, पुन्हा फेब्रुवारीवर आली, डळमळत राहिली.

मग मी वैजयंताला बोलावलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत असताना पिवळी बोटं एकमेकांत गुंतवून बसली होती.

"म्हणजे माझं भाडं परत येणार," ती शेवटी म्हणाली. "पुन्हा एकदा."

"हो."

"दुसऱ्यांदा असं झालं तर मला कोण घर देणार न्हाई, आण्णा. जन्मात न्हाई." साहेबचं आण्णा कधी झालं ते तिलाही कळलं नसावं. "आणि कागद जाऊ द्या. मला पुन्हा ते दार बघायचं न्हाई."

घर देऊन मी तिच्यावर उपकार करणार होतो, या समजुतीतून मी तेव्हा बाहेर आलो. मी कराराचा मसुदा पुढे केला. रात्रभर विचार करून एकच कलम घातलं होतं, आमच्या खात्याच्या भाषेत: भाडे खात्यात जमा न करता भाडेकरूने दरमहा एक तारखेस सकाळी सात वाजता मालकास समक्ष द्यावे व मालकाने समक्ष पावती द्यावी. दार न उघडल्यास भाडेकरूने आपल्याजवळील किल्लीने ते उघडावे.

तिने दोनदा वाचलं.

"आणि मधल्या तीस दिवसांचं काय?"

"म्हणजे?"

"एक तारखेला दार वाजवायचं आणि बाकीचे दिवस वरनं चालायचं? मला न्हाई जमायचं. गच्चीतला नळ बंद करा. झाडांचं पाणी मी रोज संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरातनं नेणार. बादली घेऊन खाली येणार, तुमच्याशी दोन शब्द बोलणार, मग वर जाणार. हे लिहा, तरच सही करते."

मी आयुष्यात पुष्कळ व्यापाऱ्यांशी घासाघीस केली, पण इतकं महाग मला कोणी विकलं नव्हतं. मी लिहिलं.

कराराची कलमं भरून आम्ही दोघांनी मिळून पाटी चालवली. अदमासाने फार वेळ घेतला. मग घर उगवलं. या वेळी निळा ठिपका गच्चीत उगवला नाही. तो संध्याकाळी जिन्यावरून उतरताना दिसला, खाली पोचला, तिथल्या राखाडीत शिरून दिसेनासा झाला आणि थोड्या वेळाने पुन्हा वर निघाला. रोज. जुलै, ऑगस्ट, गणपती, दिवाळी. कधी कधी तो खाली जरा जास्तच रेंगाळायचा. वैजयंता गालावर हात ठेवून बघत होती आणि काचेतला उजेड तिच्या तोंडावर हलत होता. सातवी हिरवी रेघ आली. आठवा महिना सुरू होताना मी पाटीवर ताट पालथं घातलं.

"का ओ? बघायचं न्हाई?"

"नको," मी म्हटलं. "काट्याचं काम झालं."

एक जुलैला ती आठ कुंड्या घेऊन आली.

त्यानंतरचे महिने मी आधीच पाहिलेले होते, त्यामुळे ते कधी घडले आणि कधी नुसते दिसले, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही. पहाटे पाचला वर भांड्याचा आवाज. संध्याकाळी बादली. "जेवलासा का?" असं ती विचारायची आणि साडेपाचला फोनवर सन्मतीही तेच विचारायची, दोघींना मी एकच उत्तर द्यायचो. सोनचाफ्याला डिसेंबरात कळी आली. पहाटेचा चहा मात्र साडेपाचचा सहावर गेला, ते अदमासाने बरोबर सांगितलं होतं.

एक फेब्रुवारीला पहाटेच मला जाग आली, खुर्चीत. छातीवर कोणीतरी हळदीचं पोतं ठेवलं होतं. फोन टेबलावर, चार पावलांवर, आणि ती चार पावलं माझ्याकडे नव्हती. उजाडत होतं. पडद्यातून उजेड आत झिरपला आणि मला वाटलं, मी काचेतच आहे. वीतभर घरात, वीतभर खुर्चीत. कोणीतरी पडदे ओढून, हनुवटीखाली हात घेऊन माझ्याकडे बघत बसलं आहे आणि सातवं मिनिट नुकतंच संपलं आहे. मला त्या बघणाऱ्याला सांगायचं होतं, ताट पालथं घालू नकोस, थोडं थांब.

जिन्यावर पावलं वाजली. एक एक पायरी. दारावर थाप पडली. मला ओ देता आली नाही. दुसरी थाप. मग किल्लीचा आवाज, आणि खांद्यावर पिवळा हात.

तीन दिवसांनी दवाखान्यात मी शुद्धीत आलो तेव्हा सन्मती बंगळुरूहून येऊन उशाशी पेंगत होती आणि पायाशी वैजयंता उभी होती. माझे डोळे उघडलेले पाहून तिने पर्समधून पाकीट काढलं.

"भाडं राहिलंय, आण्णा. तीन दिवस उशीर झालाय. काय दंड असंल तो लावा."

तिने माझं पावतीपुस्तकही आणलं होतं. पेन तिने माझ्या बोटांत बसवलं. अक्षर इतकं वाकडं आलं की मी निरीक्षक असतो तर अशी पावती बाद केली असती. फेब्रुवारी महिन्याचं भाडं मिळालं, मी लिहिलं. खाली सही केली. मग आमच्या खात्यातली जुनी सवय म्हणून, सहीच्या वर थोडी जागा होती तिथे, सावकाश, एकेक अक्षर करून लिहिलं: समक्ष.

तिने ते वाचलं. पावतीची घडी घालून तिने ती पर्समध्ये ठेवली आणि झाडांना पाणी घालायला ती घराकडे निघाली.